गाळे-वर्कशॉपचा भाग नव्याने उभारताना या चुका टाळा

जुन्या गाळे-वर्कशॉपच्या जागी घरे आणि बागा आखताना नकाशावर हिरवा रंग भरायला वेळ लागत नाही. त्याखालच्या जमिनीवर आधी काय चालायचे, हे शोधायला लागतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यांत महागात पडते ती माती न तपासता शोषखड्डे खणण्याची घाई. प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) गाळ्याखाली क्रोमियम, मशीनचे भाग धुण्याच्या जागी ट्रायक्लोरोएथिलीनसारखी सॉल्व्हेंट, डिझेलच्या टाकीभोवती तेल मुरलेले असू शकते. वर काँक्रीट असेपर्यंत पावसाचे पाणी तिथे फारसे पोचत नाही. ते फोडून पाणी जिरवायला घेतले, की तेच पाणी हा ऐवज भूजलात नेते. म्हणून आधी जुने नकाशे आणि परवाने काढा, टाक्यांच्या जागा खुणा करून ठेवा, मग माती, भूजल आणि मातीतली हवा या तिन्हींचे नमुने घ्या. हवेचा नमुना हमखास गाळला जातो. सॉल्व्हेंटची वाफ मात्र फरशीच्या भेगांतून वर घरात शिरते. माती खराब निघाली म्हणून पावसाळी बाग, म्हणजे पावसाचे पाणी साठवून गाळणारा झाडांचा खोलगट वाफा, रद्द करू नका. तळाशी जलरोधक अस्तर, त्यावर खडीत भोकांचा पाइप, वर गाळणारी माती. गाळलेले पाणी पावसाळी गटारात सोडा.

माती स्वच्छ असली तरी ती पाणी पिते का, हे बघावे लागतेच. ट्रकनी वर्षानुवर्षे दाबलेली जमीन सहसा पीत नाही. शोषखड्ड्याचा तळ जिथे येणार त्या खोलीवर 30 सेंमीचा खड्डा घ्या, पाणी भरून माती पूर्ण भिजू द्या, पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजा. 12-13 मिमीपेक्षा कमी असेल तर निचऱ्याचा पाइप हवाच. आकारही अंदाजाने ठरवू नका: 1,000 चौ.मी. छपरावर 25 मिमी पाऊस म्हणजे 25,000 लिटर.

पाणी झिरपणारे पेव्हर सगळे बांधकाम आटोपल्यावरच बसवा. आधी बसवले तर डंपरचा चिखल उद्घाटनाआधीच सांधे बुजवतो.

झाडांसाठी एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा म्हणजे जेमतेम 1 घनमीटर माती. मोठ्या झाडाला 25-30 लागते. सुरुवातीची काही वर्षे झाड तजेलदार दिसते, मग खुंटते आणि खापर पाणी घालणाऱ्यावर फुटते. सुटे खड्डे सोडून सलग चर घ्या.

वर्कशॉप राहणार असतील तर तळमजला दुकानांच्या मापाने बांधू नका. साडेचार मीटर उंची, थ्री-फेज वीज आणि चौरस मीटरला 500-750 किलो पेलणारी फरशी लागते. घराचा स्लॅब साधारण 200 किलोंचा धरतात. आवाजाचा बंदोबस्तही शेजारी नंतर येणाऱ्या घरांच्या इमारतीनेच करावा. एकाच मशीनपासूनचे अंतर 10 मीटरवरून 20 केले तरी जेमतेम 6 डेसिबल उतरतात, म्हणून नुसती जागा सोडून भागत नाही. झोपायच्या खोल्या दुसऱ्या बाजूला फिरवा.

रस्त्याचे कोपरे ट्रकसाठी 12 मीटर त्रिज्येने गोल केले, तर मोटारी वेग कमी न करताच वळतात. कोपरा 4-5 मीटरचा ठेवा आणि ट्रकच्या चाकांसाठी खडबडीत, किंचित उंच पट्टा द्या.

आणि जुन्या शेडवर सौर पॅनेल बसवण्याआधी पत्रा कसला आहे ते तपासा. अ‍ॅस्बेस्टॉसचा असेल तर त्याला ड्रिल लावायचे नाही, फोडायचा नाही. प्रशिक्षित माणसांकडून ओला करून अखंड उतरवायचा.