फॉरमॅट मारण्याआधी: विंडोजची दुरुस्ती विंडोजकडूनच कशी करून घ्यावी

स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट दर वेळी अर्ध्यावरून माघारी फिरतं, एखादा प्रोग्रॅम उघडतो न उघडतो तोच बंद पडतो. अशी तक्रार घेऊन माणूस कुठंही गेला, की आपल्याकडे एकच उत्तर मिळतं: "फॉरमॅट मारून टाकू." तालुक्याच्या गावात सतरा वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आहे आणि हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं तापतं. फॉरमॅटनं विंडोज नवं होतं, पण माणसाची बसलेली घडी मोडते. टॅली पुन्हा घाला, प्रिंटर पुन्हा जोडा, पासवर्ड आठवत बसा. छापखान्यातलं मशीन असेल तर जुने मराठी फॉन्ट जातात आणि पेजमेकरमधली दहा वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, नसतो. फॉन्ट गेला की अक्षरही गेलं.

दहातल्या बहुतेक वेळा हे काहीच करावं लागत नाही. दुरुस्तीची अवजारं विंडोजमध्येच आहेत आणि फुकट आहेत. फक्त ती योग्य क्रमानं वापरायची असतात, आणि लोक चुकतात ते नेमकं तिथं. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी ही अवजारं त्यावर तशीच चालतात.

महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवलेली आहे आणि लॅपटॉपला चार्जर लावलेला आहे, असं धरून पुढे जातो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरपी रेघ, दुसरी नव्हे.

आधी रीस्टार्ट करा, शट डाऊन नको

हे दोन्ही एकच आहे असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाऊन करताना विंडोज स्वतःच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. कालचा बिघाड आजही तसाच हजर. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि खाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री मशीन बंद करणाऱ्या माणसाच्या पडद्यावर तिथं बारा-बारा दिवसांचा आकडा मी पाहिलाय. पॉवरच्या बटणात 'रीस्टार्ट' निवडलं तरच सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं.

मग डिस्क बघा, पण हलक्या हातानं

स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत सीएचकेडीएसके, स्पेस, सी, कोलन एवढंच लिहून एंटर मारा. पुढे काही जोडलं नाही तर ही आज्ञा फक्त वाचते, कशाला हात लावत नाही. चुका दिसल्या तर तीच आज्ञा पुन्हा द्या आणि शेवटी स्पेस देऊन स्लॅश एफ जोडा. सी ड्राइव्ह वापरात असल्यानं मशीन विचारेल की पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का. वाय दाबा, रीस्टार्ट करा.

स्लॅश आर मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लगेच लावू नका. स्लॅश आर म्हणजे डिस्कच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन खराब जागा शोधणं. धडधाकट डिस्कला त्यानं काही होत नाही. पण मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कला रात्रभर असं पळवलं तर ती सकाळपर्यंत टिकेलच असं नाही. एका शिक्षकांच्या जुन्या डिस्कवर मी संध्याकाळी स्लॅश आर लावून घरी गेलो. सकाळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कचं नावसुद्धा दिसत नव्हतं. त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो तेवढ्या एकाच जागी होते. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, फाइल कॉपी होताना मशीन मिनिट-मिनिट गोठत असेल, तर दुरुस्ती तिथंच थांबवा. आधी डेटा बाहेर काढा. डिस्क नवीन मिळते.

खरी मेख: डिझम आधी, एसएफसी नंतर

विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब झाल्यात का हे तपासणारं अवजार म्हणजे सिस्टिम फाइल चेकर. आज्ञा अशी, त्याच ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ (स्कॅन आणि नाऊ जोडून). ही आज्ञा सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात. मीही वर्षानुवर्षं तसंच करत होतो.

ती काम कशी करते हे समजून घ्या, म्हणजे क्रम पाठ करावा लागणार नाही. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'विनएसएक्सएस' नावाचं एक फोल्डर असतं. ते विंडोजचं कोठार. एसएफसीला एखादी फाइल बिघडलेली दिसली की ती या कोठारातली चांगली प्रत आणून तिथं बसवते. आता कोठारातली प्रतच खराब असेल तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मग एसएफसी सांगते की बिघडलेल्या फायली सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. लोक पुन्हा चालवतात. पुन्हा तेच. पाच वेळा चालवली तरी तेच येणार.

आड दुरुस्त करणारं अवजार वेगळं आहे, त्याचं नाव डिझम. आज्ञा: डी-आय-एस-एम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज (मधे छोटी आडवी रेघ), स्पेस, स्लॅश रीस्टोअरहेल्थ (जोडून). 'ऑनलाइन' या शब्दाचा इंटरनेटशी संबंध नाही. आत्ता चालू असलेलं विंडोज, एवढाच त्याचा अर्थ. मात्र चांगल्या फायली डिझम विंडोज अपडेटकडून आणतं, म्हणून नेट लागतंच. मायक्रोसॉफ्टची स्वतःची सूचनाही आधी डिझम आणि मग एसएफसी अशीच आहे. कुणी उलटं सांगत असेल तर ऐकू नका. चेकहेल्थ आणि स्कॅनहेल्थ अशा आणखी दोन आज्ञा सांगितल्या जातात. त्या नुसतं निदान करतात, दुरुस्ती करत नाहीत. त्यात वेळ घालवू नका, सरळ रीस्टोअरहेल्थ द्या.

आता यातली अडचण. डिझम टक्के दाखवत पुढे सरकतं आणि मधेच थांबतं. मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला आकडा ६२.३. पडद्यावर ६२.३ टक्के, त्यापुढे ठिपका हलत नाही, दहा मिनिटं, वीस मिनिटं. पहिल्यांदा हे माझ्यासमोर घडलं ते एका छापखान्याच्या मशीनवर, ऐन लग्नसराईत. मला वाटलं अडकलं. खिडकी बंद केली, पुन्हा लावलं, पुन्हा ६२.३. तिसऱ्यांदा मी सरळ पॉवरचं बटण दाबून धरलं. त्यानंतर ते विंडोज उभंच राहिलं नाही. शेवटी फॉरमॅट करावं लागलं आणि त्या मालकांचं पत्रिकांचं काम दोन दिवस बंद पडलं. त्यांनी मला एक शब्द लावला नाही, पण गिऱ्हाइकांना फोन करून 'परवा या' म्हणताना मी त्यांना बघत होतो. नंतर कळलं की ते मशीन अडकलेलंच नव्हतं. त्या टप्प्यावर डिझम मोठं काम करत असतं आणि टक्केवारी मात्र पुढे लिहीत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर याला पाऊण तास लागलेला मी नंतर अनेकदा पाहिला आहे.

म्हणून नियम: टक्क्यांकडे बघू नका. टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्समध्ये 'डिझमहोस्ट' किंवा 'टीआयवर्कर' नावाची प्रक्रिया शोधा. तिच्यापुढचा सीपीयूचा आकडा अधूनमधून हलतोय किंवा डिस्कचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे काम चालू आहे. खिडकी बंद करायची नाही, लॅपटॉपचं झाकण मिटायचं नाही. दोन तास झाले आणि कशातच हालचाल नाही, तेव्हाच कंट्रोल आणि सी दाबा. पॉवरचं बटण कधीही नाही.

दुसरी अडचण, शून्य-एक्स-८००एफ०८१एफ हा एरर. अर्थ असा की चांगल्या फायली कुठं मिळाल्या नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट तुटक चालत असेल तर हे होतं, आधी चांगल्या जोडणीवर एकदा पुन्हा करून बघा. तरीही आला तर फायली आपण द्यायच्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (विंडोज बसवायचं सगळं सामान असलेली एक मोठी फाइल) उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा. ती नव्या ड्राइव्हसारखी दिसू लागेल. तिचं अक्षर पाहून ठेवा. समजा ई आहे. आत 'सोर्सेस' फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल डॉट विम' किंवा 'इन्स्टॉल डॉट ईएसडी' असेल.

इथं घाईत दोन चुका होतात. पहिली: आयएसओ मशीनवरच्या विंडोजशी जुळणारी हवी. स्टार्टमध्ये 'विनव्हर' (डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर) टाइप केलं की आवृत्ती आणि बिल्ड दिसतं. आयएसओ त्याहून जुनी असेल तर तोच एरर परत येतो. दुसरी: त्या एका फायलीत होम, प्रो अशा अनेक आवृत्त्या भरलेल्या असतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. तो क्रमांक बघण्यासाठी डिझम, स्पेस, स्लॅश गेट-विमइन्फो, स्पेस, स्लॅश विमफाइल, कोलन, आणि लागून फायलीचा पूर्ण पत्ता, म्हणजे ई, कोलन, सोर्सेस, इन्स्टॉल डॉट विम, आणि सोर्सेसच्या आधी व नंतर उलटी तिरपी रेघ (बॅकस्लॅश; पत्त्यात मात्र हीच लागते). तुमचं विंडोज प्रो असेल तर प्रोपुढचा क्रमांक घ्या. डोळे झाकून १ लिहू नका. माझी एक अख्खी दुपार या १ नं खाल्ली आहे.

मग आधीचीच रीस्टोअरहेल्थची आज्ञा, आणि तिच्यापुढे स्पेस, स्लॅश सोर्स, कोलन, विम, कोलन, फायलीचा पत्ता, कोलन, क्रमांक, हे सगळं स्पेस न देता सलग. त्यानंतर स्पेस देऊन स्लॅश लिमिटॲक्सेस, म्हणजे डिझम पुन्हा नेटकडे धावत नाही. फाइल ईएसडी असेल तर विमच्या जागी दोन्हीकडे ईएसडी.

आणि 'रीसेटबेस' असलेली एक आज्ञा जागा मोकळी करण्यासाठी म्हणून फिरत असते. दुरुस्ती चालू असताना ती देऊ नका. ती दिल्यावर आधी बसलेली अपडेट्स काढून टाकता येत नाहीत, आणि बिघाड नेमका अपडेटचाच निघाला तर परतीची वाट बंद.

डिझम १०० टक्के होऊन यशस्वी झाल्याचं सांगेल. रीस्टार्ट करा. आता एसएफसी स्कॅननाऊ चालवा. 'सापडल्या आणि दुरुस्त केल्या' आलं तर आणखी एकदा चालवा, काहीही सापडलं नाही असं येईपर्यंत.

मशीन सुरूच होत नसेल तर

सुरू होताना सलग तीनदा पॉवरनं बंद पाडलं की पुढच्या वेळी निळा दुरुस्तीचा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप रिपेअर. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर तिथंच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आधी करा.

पण हा पडदा तुमच्याकडे बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती नसेल तर पुढे काही करता येत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली विंडोजची मशीनं निळ्या एररच्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख. उपाय एका ओळीचा होता: सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालवायच्या सोयीत) जा, एक फाइल काढा. पण डिस्क कुलूपबंद असलेल्या मशीनवर आधी ती की शोधावी लागली. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप अनेकदा आपण न सांगताच लागलेलं असतं. मशीन चांगलं चालू असतानाच ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत मॅनेज-बीडीई, स्पेस, हायफन प्रोटेक्टर्स, स्पेस, हायफन गेट, स्पेस, सी, कोलन ही आज्ञा द्या आणि आलेले ४८ अंक कागदावर उतरवून कपाटात ठेवा. त्याच मशीनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही.

एवढ्यानंही भागलं नाही तर

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथं 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' आहे. ते विंडोज पुन्हा बसवतं. फायली, प्रोग्रॅम, सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. विंडोज १० वर आयएसओ उघडून त्यातलं सेटअप चालवा आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडलंय याची खात्री करा. तो पर्याय पुसट दिसत असेल तर आयएसओची भाषा किंवा आवृत्ती जुळत नाही. तिथं थांबा, पुढे जाऊ नका.

रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारी, 'एका क्लिकमध्ये पीसी फास्ट' करणारी कुठलीही उपरी सॉफ्टवेअरं या सगळ्यात कुठंही लागत नाहीत. ती घालून आणलेलं मशीन दुरुस्त करायला मला दुप्पट वेळ लागतो.

आणि हे सगळं नीट होऊनही आठवड्याभरात एसएफसी पुन्हा बिघडलेल्या फायली दाखवू लागली, तर दोष विंडोजचा नाही. स्टार्टमध्ये 'एमडीस्केड' (एम-डी-एस-सी-एच-ई-डी) टाइप करून मेमरी, म्हणजे रॅम, तपासा. त्यात चूक निघाली तर मशीन बंद करा, वायर काढा, रॅमच्या एकेक पट्ट्या काढून मशीन एका वेळी एकाच पट्टीवर चालवून बघा. खराब पट्टी असेल तोवर डिझम कितीही वेळा चालवलं तरी फायली पुन्हा बिघडत राहतील.