समोरच्याने दुसऱ्याच जगातली ओपनिंग काढली तर

बुद्धिबळाच्या पहिल्याच खुल्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत मी पांढऱ्या मोहऱ्यांनी आठव्या चालीला मात खाल्ली. मी डी४ खेळलो, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं डी४ या घरात सरकवलं; समोरच्या मुलाने ताडकन ई५ केलं. फुकटचं प्यादं म्हणून घेतलं. घोडा सी६, घोडा एफ३, वजीर ई७. ई५ वरचं प्यादं राखायला मी उंट एफ४ ला काढला, तर वजिराने बी४ वरून शह दिला. मी उंट डी२ ला आडवा घातला, त्याने बी२ चं प्यादं उचललं. आता माझा हत्ती माराखाली. घाबरून मी उंट सी३ ला ठेवला आणि तिथेच डाव गेला. त्याचा उंट बी४, माझा वजीर डी२, उंटांची मारामारी, आणि त्याचा वजीर सी१ वर. मात.

या ओपनिंगला, म्हणजे प्यादं देऊन केलेल्या डावाच्या सुरुवातीला, एंग्लंड गॅम्बिट म्हणतात, हे घरी आल्यावर कळलं. सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी३ ला हवा होता. घोडा बी१ वरून हलला की पहिली रांग मोकळी होते आणि डी१ वरचा वजीर कोपऱ्यातल्या हत्तीला जोर देतो. एवढंच!

नवीन खेळाडूंना कळकळीने सांगतो: विचित्र चाल दिसली की ‘याला आता धडा शिकवतो’ असं मनात येतं, ते आवरा. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे इंग्लंडच्या ग्रँडमास्टर टोनी माइल्सने विश्वविजेत्या कार्पोवच्या ई४ ला ए६ आणि लगेच बी५ असं उत्तर दिलं, आणि तो डाव जिंकला.

मी काळ्या मोहऱ्यांनी खेळताना पहिल्याच चालीला जी४ समोर आलं तर मी डी५ खेळतो. उंट जी२ ला आला की जी४ चं प्यादं खायला धावत नाही, कारण मग सी४ येतं आणि त्या उंटाची नजर बी७ वर लागते. आधी सी६ करून त्याचा कर्ण बंद करतो. मध्य आपल्याकडेच राहतो.

घड्याळावरही लक्ष ठेवा. समोरचा भराभर खेळतोय तोवर पाठांतर चालू आहे. तेव्हाच आपण दोन-तीन मिनिटं खर्चावीत, पुढे वाचवायला नकोत. डाव संपल्यावर वहीत फक्त आपली चूक झालेली चाल लिहावी, अख्खी ओपनिंग घोकू नये.

परवा तेच ई५ पुन्हा आलं. सहावी चाल, घोडा सी३. इतका वेळ घड्याळावर टपाटप हात मारणारा मुलगा दोन्ही कोपरं टेबलावर टेकून पट बघत बसला.