जुन्या छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक जोडताय? या चुका टाळा

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-दिंडोरीकडे जुना छोटा ट्रॅक्टर सहसा भंगारात जात नाही. नऊ फुटांच्या ओळीत, मांडवाखालून, तोच चालतो. कोणीतरी अठरा एचपीचा जुना शक्ती किंवा पडून राहिलेला फर्ग्युसन उचलतो, इंजिन करून घेतो, रंग मारतो आणि मग हौस वाढते. पुढे ब्लेड बसवू, एक जॅक (तेलाच्या दाबाने सरकणारा सिलिंडर) टाकू, डंपिंग ट्रॉली लावू.

जोडणी झाली की आठवड्यात तक्रार येते, "पंप कमी पडतोय, मोठा टाकू." पंप बहुतेक वेळा चांगलाच असतो. सगळ्यांचं लक्ष दाबाच्या पाइपवर असतं. तेल पंपापर्यंत कसं येतं आणि टाकीत परत कसं जातं, ते मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

हिशेबाआधी खरेदी

११ सीसीचा (एका फेरीत ११ सीसी तेल लोटणारा) गिअर पंप १५०० आरपीएमला मिनिटाला साधारण १५ लिटर तेल देतो. तेच तेल १५० बारला ढकलायला सहाएक एचपी लागतात, म्हणजे अठरा एचपीच्या इंजिनाचा तिसरा हिस्सा. याहून मोठा पंप टाकला तर ब्लेड उचलताना इंजिन दबणारच.

आता जॅकचं बघा. ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक १५० बारला ३ टन ढकलतो. ३०० मिमी स्ट्रोक (रॉड बाहेर येण्याची लांबी) भरायला त्याला ६०० सीसीसुद्धा तेल लागत नाही. मिनिटाला ८ लिटर देणारा पंप हे काम पाच सेकंदांच्या आत करतो. छोट्या ब्लेडला आणखी काय हवं? पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल पुढे लोटतो. दाब भारामुळे चढतो. वेग हवा असेल तर पंपाकडे बघा, ताकद हवी असेल तर बोअरकडे.

डंपिंग ट्रॉलीचा हिशेब वेगळा. तिचा जॅक कित्येक लिटर तेल पोटात घेतो. ज्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स आणि लिफ्टचं तेल एकच आहे, तिथे ट्रॉली वर गेली की गिअरबॉक्समधली पातळी तेवढी खाली जाते. शिवाय गावात एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरांना लागते. तिच्या जॅकमधलं पाणी आणि गाळ मग तुमच्या गिअरबॉक्सात येतो. तेल दुधाळ दिसायला लागलं तर आधी ट्रॉलीवर संशय घ्या.

पंपाला पट्ट्याने ओढणे

जागा नाही म्हणून पंपाच्या शाफ्टवर थेट पुली ठोकतात. साध्या गिअर पंपाचे बुश असा बाजूचा ताण सोसायला बनवलेले नसतात. पट्टा जितका आवळाल तितकी आतली बॉडी एका अंगाने घासते आणि तेल गरम झालं की दाब कमी होतो. पुलीला स्वतंत्र शाफ्ट आणि दोन बेअरिंग द्या, पंप कपलिंगने जोडा. फिरण्याची दिशाही तपासा. उलटा फिरवला तर पंप तेल ओढणार नाही, वर शाफ्टचं सील उडेल. पंप पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) घेतला असेल आणि ट्रॅक्टर सिंगल क्लचचा असेल, तर क्लच दाबला की जॅकही थांबणार. हे आधीच मान्य करा किंवा पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरून चालवा.

सक्शन : निम्मे बिघाड इथेच

१५ लिटरच्या पंपाला सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल आणणारा, पाइप आतून पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी लागतो. लोक अर्धा इंच लावतात, कारण दाबाचा पाइप त्याहून बारीक असूनही चालताना दिसतो. पण त्या बाजूला पंप ढकलतो. सक्शनला मात्र तेल हवेच्या दाबावर आपलं आपण यायचं असतं. फवारणीच्या जुन्या नळीचा तुकडा तर इथे वापरूच नका. तेल गरम झालं की तो आतल्या आत चपटा होतो आणि बाहेरून काही कळत नाही. आत तारेची गुंडाळी असलेला सक्शन पाइप घ्या, टाकी पंपाच्या वर ठेवा, मध्ये एल्बो कमीत कमी.

बारीक फिल्टर सक्शनला लावणं ही सुशिक्षित चूक. सक्शनला फक्त जाळी असावी, बारीक फिल्टर परतीच्या वाटेवर. परतीचा पाइप टाकीत तेलाच्या पातळीखाली सोडा आणि सक्शन व परतीच्या मध्ये एक पत्रा उभा करा, नाहीतर फेसाळलेलं तेल तसंच पंपात जाईल.

पंपात खडे पडल्यासारखा आवाज आला तर आधी टाकीत डोकावा. फेस असेल तर सक्शनच्या एखाद्या जोडावरून हवा शिरते आहे. एकेका जोडावर ग्रीस थापा. ज्या जोडाला आवाज बदलेल तोच चोर. फेस नाही आणि आवाज तरीही आहे, म्हणजे तेल पुरेसं येत नाही : जाळी तुंबली, पाइप बारीक आहे, नाहीतर तेल घट्ट आहे. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जानेवारीच्या पहाटे ६८ ग्रेडचं तेल असं दाटतं की पंप रडतो. वेगळी टाकी असेल तर ४६ ग्रेडचं पातळ तेल विचारात घ्या. निदान लिव्हर न्यूट्रलला ठेवून इंजिन मंद चालू द्या, लगेच भार उचलू नका.

जुळत नसलेला वाल्व्ह

अंबड-सातपूरच्या भंगारात वाल्व्ह स्वस्त मिळतो, पण तो ओपन सेंटर (न्यूट्रलला तेल टाकीत परत सोडणारा) आहे की क्लोज सेंटर (न्यूट्रलला वाट बंद करणारा) हे कोण विचारतो? साध्या गिअर पंपाला ओपन सेंटर हवा. क्लोज सेंटर लावला तर न्यूट्रलमध्येही सगळं तेल रिलीफ वाल्व्हमधून (दाब मर्यादेबाहेर गेला की उघडणाऱ्या) जबरदस्तीने जातं आणि इंजिनाची ताकद उष्णतेत जाते. टाकीला हात टिकत नसेल तर तेल साठ अंशांच्या आसपास किंवा वर गेलं आहे. एकापुढे एक दोन वाल्व्ह जोडायचे असतील तर पहिल्याला पुढे दाब नेणारं वेगळं पोर्ट असलं पाहिजे. साध्या रिटर्नमधून पुढचा वाल्व्ह चालवू नका.

फर्ग्युसनवाल्यांनी जरा थांबावं. इंग्लंडातल्या टीई-२० पासून चालत आलेल्या आणि आपल्याकडच्या मॅसी १०३५ मध्येही असलेल्या या रचनेत पिस्टनचा पंप पोटात असतो आणि नियंत्रण सक्शनवर असतं. लिफ्टच्या लिव्हरने मागितल्याशिवाय तेल येतच नाही. बाहेर ओपन सेंटर वाल्व्ह जोडून तेलाची वाट बघणारे मग लिव्हर साखळीने वर बांधून ठेवतात. माझं मत विचाराल तर जुन्या फर्ग्युसनची लिफ्ट जशी आहे तशी ठेवा आणि नव्या जॅकला स्वतंत्र पंप व टाकी द्या.

फिटिंग

टेफ्लॉन टेप नळाला ठीक. इथे तिचे धागे सुटून वाल्व्हच्या स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यात) अडकतात. सरळ आट्यांना डाउटी वॉशर (धातूच्या कडीत रबर बसवलेला) लावा. जीआय पाइप नकोच, त्याच्या जस्ताचे पापुद्रे तेलात येतात. दाबाच्या होजवर त्याचा दाब छापलेला असतो, तो वाचून घ्या. होज कापल्यावर आतली रबराची आणि तारेची भुकटी फुंकून काढायला सांगा. टाकीला वेल्डिंग केलं असेल तर आतली खपली निघेपर्यंत पंप जोडू नका.

जॅक आपोआप खाली येतो

सील आधी बदलू नका. भार टेकवून जॅक पूर्ण बाहेर काढा, दाब मोकळा करा, रॉडकडचा होज सोडा आणि वाल्व्हकडचं तोंड प्लगने बंद करा. मग इंजिन मंद ठेवून जॅकच्या मागच्या (रॉड नसलेल्या) बाजूला दाब द्या. उघड्या पोर्टातून तेल येत राहिलं तर पिस्टनचं सील गेलं. नाही आलं तर वाल्व्ह बघा. रिलीफचा स्क्रू गेजशिवाय (दाब मोजल्याशिवाय) आवळणं मात्र गुन्हा समजा. बोर्डोची फवारणी झाली की जॅकचा रॉड पुसून मिटवून ठेवा, क्रोम टिकेल.

होजला बारीक गळती दिसली तर हात फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. सुईच्या टोकाएवढ्या धारेने तेल कातडीखाली घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. तरी त्याच वेळी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना दाबाखालचं तेल शिरलंय असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो.

मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. नाशिक आरटीओत आधी विचारून घ्या. ट्रायल गणपतीपर्यंत उरकलेली बरी. गोडी छाटणी झाली की ट्रॅक्टर ब्लोअरला जुंपला जातो आणि पंप खोलायला कोणाकडे वेळ नसतो.