वजन जास्त असेल तर ट्री स्टँड कसा निवडायचा

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी ट्री स्टँड, म्हणजे झाडावर उंच बसायचं आसन, घेताय आणि अंगाने भारी आहात, तर आधी लेबलवरची लिमिट बघा, बरेचसे स्टँड ३०० पाउंडांचे म्हणजे साधारण १३६ किलोचे असतात आणि त्यात जाड जॅकेट, बूट, बॅग, रायफल सगळं धरायचं, म्हणून हे सगळं अंगावर घेऊनच वजनकाट्यावर उभं राहा. माझं ऐकाल तर दोन माणसांचा लॅडर स्टँड एकट्यासाठी घ्या, ५०० पाउंडांचा मिळतो, बसायला ऐसपैस आणि शिडीने चढणंही सोपं. क्लाइंबर, म्हणजे खोडावरून सरकवत वर न्यायचा स्टँड, नकोच, प्रत्येक टप्प्याला स्वतःचं वजन उचलत वर जायचं म्हणजे दम लागतो. हार्नेसची, म्हणजे पडू नये म्हणून अंगावर बांधायच्या पट्ट्यांची, लिमिट वेगळी असते हं, तीही तपासा, आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून खाली येईपर्यंत लाइफलाइनला, म्हणजे झाडाला वरून खालपर्यंत बांधलेल्या सुरक्षा दोराला, हार्नेस अडकवूनच राहायचं.