पानं पुसू नका! भेंडी, कोबी, टोमॅटो लावणाऱ्यांनो, या चुका टाळा

नेरूळ असो, ऐरोली असो की घोडबंदर, कुणाच्याही गच्चीवर गेलं की तोच प्रश्न, "ताई, कीड पडलीय, काय फवारू?" अहो, आधी पानावरून बोट तर फिरवून बघा, गुळगुळीत लागतंय की लवदार, वर मेण आहे की नाही. झाड किडीला पहिल्यांदा अडवतं ते पानाच्या कातडीवर आणि आपण उतावळेपणाने नेमकी तीच खराब करतो.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती भांडी घासायच्या लिक्विडची. गेल्या थंडीत ऐरोलीच्या एका काकूंनी कोबीवर मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला म्हणून ते लिक्विड अंदाजाने पाण्यात कालवून तीन दिवस ओळीने मारलं, वर स्पंजने पानं पुसली आणि "बघ कशी चकाकतायत" म्हणून मला फोटो पाठवला. तो बघूनच पोटात गोळा आला. कोबीच्या पानावरची निळसर पांढुरकी झाक म्हणजे धूळ नाही हो, मेण आहे ते! त्याच्यावर पाणी टाकलं की अळवासारखे थेंब होऊन घरंगळतात. मी गेले तेव्हा काकूंच्या पानांवर पाणी पसरून बसत होतं, कडा करपलेल्या, आणि मधल्या कोवळ्या पानांत मावा परत हजर. मेण गेलं की पानातलं पाणीही जास्त उडतं, म्हणजे झाड दोन्हीकडून मार खातं. मी माव्याला सकाळी पानाच्या खालून नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारते, दोन-तीन दिवस सलग, आणि फवारणीचा साबण लागलाच तर आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघते.

कमी मेणाच्या, चकचकीत पानांच्या कोबीच्या जाती असतात हे खरंय, त्यांच्यावर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या बारक्या अळ्या नीट बस्तान बसवत नाहीत, नुसत्या भटकत राहतात. पण पानाला बारीक भोकं पाडणारे उडे भुंगेरे त्याच जातींवर जास्त येतात. आणि हा गुण बियाण्यातून येतो, स्पंजने नाही.

दुसरी चूक भेंडीची. लोक म्हणतात, "लवदार पानांना हात लावला की खाज येते, गुळगुळीत जात द्या." द्या ना, मग रस शोषणारे तुडतुडे आले की रडू नका! तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेत अंडी खुपसते, लांब दाट लव असली की तिला तिथवर पोचणंच अवघड जातं. कपाशीतही हेच, 1920 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनला कापूस-संशोधक पार्नेल यांनी तुडतुड्यांना तोंड देणारी यू 4 ही कपाशी निवडली ती लवदार पानांचीच होती.

पण लव आहे म्हणून बिनधास्तही राहू नका, कारण पांढऱ्या माशीला बऱ्याचदा लवदार पानच आवडतं, आणि भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग तीच पसरवते. म्हणून मी दर दोन दिवसांनी दहापट भिंग घेऊन पानं उलटून बघतेच. हिरवट पिल्लू तिरकं पळालं की तुडतुडा, पान हलवल्यावर पांढरा भुरका उडाला की माशी, हे ठरवल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

युरियाचा मूठभर डोस नको, पान लुसलुशीत होतं आणि माव्याला मेजवानी मिळते.

भाताचं पान हाताला कापतं ते त्यातल्या सिलिकामुळे, अळीचे जबडे त्यानेच झिजतात, तेव्हा गच्चीवर हौसेने भात लावलात तर खरखरीत पान बघून घाबरू नका.

आणि टोमॅटोची पानं येता-जाता कुरवाळू नका. हाताला जो पिवळट हिरवा डाग आणि तो उग्र वास लागतो ना, तो लवेच्या टोकावरच्या ग्रंथी फुटून आलेला चिकट रस असतो, बारीक किडे त्यातच अडकतात. मी टोमॅटो सुतळीने बांधताना खोडालाच धरते, पानाला नाही.