घरून काम करणारा माणूस घेताना काय बघायचं

ठाणे-नवी मुंबईत, वागळे इस्टेट, महापे, ऐरोली, इकडे आता छोटे ऑफिसवालेपण घरून काम करणारी माणसं घ्यायला लागलेत, बदलापूरहून रोज लोकलला लटकत येण्यापेक्षा घरी बसून एंट्र्या मारल्या तर बरंच की. पण घेताना सगळे डिग्री आणि फाडफाड इंग्लिश बघतात आणि मग महिन्याभराने डोकं धरून बसतात. माझ्या मते आधी एकच बघा, अडलं की आपणहून सांगतो का. ऑफिसात अडलेला माणूस तोंडावरून कळतो, कोणीतरी विचारतंच काय झालं रे, घरी बसलेल्याचा मात्र संध्याकाळपर्यंत पत्ता लागत नाही.

हे इंटरव्ह्यूत कळत नाही, काम देऊनच कळतं. समजा अकाउंट्सला माणूस हवाय, तर १०-१५ परचेस बिलं एंट्रीला द्या (डमी बनवा, क्लायंटची खरी नको) आणि एका बिलावर जीएसटी नंबर १५ ऐवजी १४ अक्षरीच ठेवा, बोलू काही नका. एक जण तसाच टाकून मोकळा होतो, दुसरा मनानेच एक आकडा जोडतो, तो तर अजिबात नको, तिसरा तिथेच अडकून गप्प बसतो. जो मेसेज टाकतो की "सात नंबरच्या बिलात एक अक्षर कमी आहे, पार्टीकडून मागवायचं का, बाकीची झाली", तो घ्या डोळे झाकून. मेसेज मराठीत असो नाहीतर मिंग्लिशमध्ये, फरक पडत नाही, नुसतं "झालं सर" मात्र नको, काय झालं ते कळायला हवं ना.

आणि त्या कामाचे पैसे द्या, फुकट राबवू नका.

मग विचारा, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचंय आणि १० ला रात्री लाईट गेली तर काय करशील? हॉटस्पॉट, इन्व्हर्टर, काकांचं घर, काहीही चालेल, पण "आमच्याकडे लाईट जातच नाही" म्हणणाऱ्याने बहुतेक पावसाळा बघितलेला नाही.

वन बीएचकेत पाच माणसं आहेत म्हणून कोणाला नाकारू नका, आणि बायकांना मुलं कोण सांभाळणार हे तर विचारूच नका, कॉलला कधी अव्हेलेबल असाल एवढं विचारा, बास. लॅपटॉप घरातले सगळे वापरतात का हे मात्र विचाराच, क्लायंटचे पासवर्ड त्यात असणार, शेअरिंगचा असेल तर ऑफिसचा द्या.

स्क्रीनवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरं मला पटत नाहीत, माउस हलवत बसणारे हलवतातच. २० तारखेच्या आत ३बी (टॅक्स भरायचं जीएसटी रिटर्न) गेला का, ते बघा.