पाचातली तिसरी गोळी आणि व्हर्नियर

नेमबाजीतला माझा प्रकार पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तूल, काडतूस पॉइंट बावीस एलआर (लाँग रायफल). रॅपिडला, म्हणजे झटपट फेरीत, प्रत्येक गोळी मारायला तीनच सेकंद, आणि पाचातली तिसरी हमखास अडकायची. दोन महिने मी मॅगझिनच्या (पिस्तुलात काडतुसं भरायच्या डबीच्या) स्प्रिंगला शिव्या घातल्या, मॅगझिन धुऊन धुऊन पांढरं केलं. फरक शून्य.

शेवटी मेव्हण्याच्या कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवरचा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) मागून रेंजवर नेला. या काडतुसाची कमाल लांबी २५.४ मिमी. जुन्या डब्यातली २५.२ भरली, नव्या स्वस्त डब्यातली २४.६. अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटेल. पण याच्या बुडाला कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच हवी. आखूड काडतूस मॅगझिनमध्ये मागे-पुढे सरकतं, कड मागे जाऊन अडकते आणि वरचं पुढे निघतच नाही.

उपाय? जुन्या लांबीची गोळी परत घेतली. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवायचं नाही, आधीच्याच्या कडेपुढे बसवायचं. मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) पक्कडीनं वाकवायचा सल्लाही मिळाला होता. बरं झालं ऐकला नाही.

नंतरच्या पन्नास गोळ्यांत एकही अडकली नाही. व्हर्नियर अजून माझ्याकडेच आहे, मेव्हणा रोज फोन करतोय.